अनुताई वाघ यांच्याबद्दल बैठकीत काय सांगावं? : एका सेविकेच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न : २७ सप्टेंबरला अनुताई वाघ यांची पुण्यतिथी असते. त्या दिवशी बीटच्या, म्हणजे एका पर्यवेक्षिकेच्या हाताखालच्या अंगणवाड्यांच्या, बैठकीत त्यांच्यावर बोलायचं काम माझ्याकडे आलं आहे. शोधलं तर जन्मतारीख, पद्मश्री आणि ‘थोर समाजसेविका’ एवढंच मिळतं. आमच्या गावच्या जुन्या अंगणवाडी सेविका यंदा वारल्या. त्यांच्याबद्दलही त्याच बैठकीत बोलायचं आहे. बालवाडीच्या बाईंचं आयुष्य नेमकं सांगायचं कसं?

उत्तर :

ताई, ही अडचण तुमच्या एकटीची नाही. लहान मुलांच्या शिक्षिकेबद्दल बोलायला जो कुणी उभा राहतो त्याला ती येतेच. दहावीच्या शिक्षकाला निकाल दाखवता येतो, दवाखान्यातल्या नर्सला बरा झालेला पेशंट दाखवता येतो. तीन वर्षांच्या मुलाला घेऊन बसणाऱ्या बाईंचं काम त्या मुलालासुद्धा पुढे आठवत नाही. मग आपण विशेषणांकडे वळतो : मायाळू, त्यागी, सेवाभावी. ती खोटी नसतात, पण समोर बसलेल्या सेविकेला त्यातून उद्या सकाळी काय करायचं ते कळत नाही.

बालवाडी आणि अंगणवाडीच्या ताईंना शिकवण्यात माझं सगळं कामाचं आयुष्य गेलं. अनुताईंबद्दल बोलताना मी एकच धागा धरते. आज कोण आलं नाही, आणि का आलं नाही? हा प्रश्न त्यांनी आणि त्यांच्या सहकारी, बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी जितक्या गांभीर्याने घेतला तितका आपल्याकडे क्वचितच कुणी घेतला असेल. त्यांनी सुरू केलेलं जवळजवळ प्रत्येक काम या प्रश्नाच्या कुठल्यातरी उत्तरातून निघालं आहे. तुम्हीही हाच धागा धरा, सगळं आयुष्य त्यावर ओवता येतं.

आधी थोडक्यात त्या कुठून आल्या ते सांगा. जन्म १७ मार्च १९१०, पुणे जिल्ह्यातल्या मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न झालं आणि सहा महिन्यांत वैधव्य आलं. त्या काळात अशा मुलीचं आयुष्य तिथेच संपल्यासारखं धरत. त्यांनी शिक्षण धरलं. व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे तेव्हाची सातवीची परीक्षा, झाल्या, १९२९ मध्ये शिक्षिकेचं प्रशिक्षण पुरं केलं. नाशिक जिल्ह्यात निफाड तालुक्यात काही वर्षं शिकवलं, मग पुण्याच्या हुजूरपागा या मुलींच्या शाळेत नोकरी धरली. नोकरी करता करता रात्रशाळेत बसून १९३७ मध्ये मॅट्रिक झाल्या. बी.ए. झाल्या ते १९६१ मध्ये, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, तेही डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या कामात बुडालेल्या असताना. ही शेवटची गोष्ट बैठकीत जरूर सांगा. आपल्या बीटमध्ये अशा कितीतरी सेविका असतात ज्या दहावीवर थांबल्या आणि आता वय झालं म्हणतात.

आता १९४५ कडे या. आदल्या वर्षी फेब्रुवारीत पुण्यात आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबा गांधींचं निधन झालं होतं. त्यांच्या स्मरणार्थ खेड्यातल्या स्त्रिया आणि मुलांसाठी निधी उभा राहिला. या निधीतर्फे बोरिवलीला ग्रामसेविकांसाठी शिबिर झालं आणि तिथे अनुताईंची ताराबाई मोडकांशी गाठ पडली. अनुताई तेव्हा पस्तीस वर्षांच्या, हुजूरपागेतली पक्की नोकरी असलेल्या. ताराबाई त्रेपन्न वर्षांच्या, बालशिक्षणात सगळीकडे नाव झालेल्या.

ताराबाईंचा आधीचा प्रवास दोन वाक्यांत तरी सांगायला हवा, त्याशिवाय पुढचं कळत नाही. १९२३ पासून त्या भावनगरला दक्षिणामूर्ती या शिक्षणसंस्थेत शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर होत्या. इटलीच्या बालशिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरींची पद्धत भारतीय मुलांसाठी कशी वळवायची हा त्या दोघांचा ध्यास होता, आणि १९२६ मध्ये त्यातूनच नूतन बालशिक्षण संघ निघाला. पुढे १९३६ मध्ये ताराबाईंनी दादरला शिशुविहार काढलं. मुंबईत सगळं उत्तम चाललेलं होतं. तरी त्यांना एक गोष्ट सलत होती : ही शाळा पैसेवाल्यांच्या मुलांची होत चालली आहे. माँटेसरींचं पहिलं बालगृह १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेन्झो भागात निघालं होतं, कामावर जाणाऱ्या गरीब आईबापांच्या मुलांसाठी. आपल्याकडे येईपर्यंत ती पद्धत शहरातली, महागड्या लाकडी साधनांची होऊन बसली. ताराबाईंना ती परत गरिबाच्या दारात न्यायची होती.

त्यासाठी बोर्डी गाव निवडलं. तेव्हाचा ठाणे जिल्हा, आताचा पालघर. डहाणू तालुक्यातलं समुद्रकाठचं गाव, चिकूच्या वाड्या, ताडाची झाडं, आणि मागे डोंगराकडे वारली आदिवासींचे पाडे. शाळा होती, सुधारलेली मंडळी होती. १९४५ च्या डिसेंबरमध्ये तिथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झालं. ज्या वर्षी हे झालं त्याच वर्षी डहाणू-तलासरी पट्ट्यात वेठबिगारीविरुद्ध वारल्यांचा उठाव पेटला होता, किसान सभेच्या गोदावरी परुळेकर त्यात होत्या. म्हणजे ज्या पाड्यांवर अनुताई जाणार होत्या तिथल्या माणसाला बाहेरून येणारा म्हणजे सावकार, जंगलाचा ठेकेदार किंवा जमीनदाराचा माणूस एवढंच ठाऊक होतं. नीटनेटकं लुगडं नेसलेली बाई मुलांना गोळा करते आहे, याचा अर्थ तिथल्या आईने चांगला का म्हणून लावावा? पाहुणी दिसली की मुलं पळायची आणि आयाही दूर राहायच्या. हा अविश्वास अडाणीपणाचा नव्हता, अनुभवाचा होता. हे बैठकीत स्पष्ट सांगा, कारण आजही ‘पालक जागरूक नाहीत’ हे वाक्य आपण फार सहज बोलतो.

केंद्राची बालवाडी गावात भरायची. गावातली मुलं आली. हरिजनवाड्यातली आणि पाड्यांवरची आली नाहीत. इथे दोन रस्ते होते. एक म्हणजे ‘आम्ही दार उघडं ठेवलंय, येत नाहीत त्याला काय करणार’ असं म्हणून हजेरीपट बंद करणं. या दोघींनी दुसरा रस्ता धरला. मूल येत नाही तर बालवाडी त्याच्याकडे गेली. एखाद्या घरासमोरचं सारवलेलं अंगण, झाडाची सावली, टोपलीत थोडं सामान, आणि जमतील तेवढी मुलं. ती अंगणातली बालवाडी. गावात मध्यवर्ती बालवाडी आणि वस्तीवस्तीत अंगणबालवाडी, अशी ती जोडरचना होती.

या अंगणात काय घडलं ते जरा सावकाश सांगा, कारण ताई, तुमच्या नोकरीचं मूळ तिथे आहे. बालवाडी गावातल्या खोलीत असते तेव्हा आई मुलाला दारात सोडून निघून जाते. अंगणात भरते तेव्हा आई चुलीपासून बघत असते, आजी उंबऱ्यावर बसून ऐकत असते. मूल गाणं म्हणतं ते तिच्या कानावर पडतं. मुलाचं डोकं विंचरलं, नखं काढली, खरजेला औषध लावलं, की ते तिच्या डोळ्यांसमोर होतं. चार दिवसांनी तीच पाणी तापवून ठेवते. पालकसभा वेगळी घ्यावी लागत नाही. आणि शिक्षिकेलाही घर दिसतं : पाणी किती लांबून येतं, चुलीवर काय शिजतं, धाकटं भावंड कुणाच्या कडेवर आहे. वर्गात बसून या गोष्टी कळत नाहीत. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना देशात ३३ प्रकल्पांनी सुरू झाली आणि तिच्या केंद्राला अंगणवाडी म्हटलं गेलं. त्याच्या तीस वर्षं आधी हा प्रयोग बोर्डीत उभा होता. आज आपल्या कितीतरी अंगणवाड्यांना पक्की इमारत आहे, ती हवीच, पण इमारत मिळाल्यावर अंगण सुटू नये म्हणून गृहभेट आहे. गृहभेटीची वही भरायची म्हणून भरणाऱ्या सेविकेला ही गोष्ट ऐकवा.

आता साधनांबद्दल. हा भाग माझ्या विशेष आवडीचा आहे, त्यामुळे थोडं जास्त बोलते. माँटेसरीच्या साधनांमागे एक विचार आहे. मुलाने हाताने धरावं, लहान-मोठं लावावं, खरखरीत-गुळगुळीत ओळखावं, जोड्या लावाव्यात, आणि चूक झाली तर ती साधनानेच दाखवावी. त्यासाठी घडवलेले लाकडी ठोकळे महाग पडत. बोर्डीत हे सगळं भोवतीच होतं. समुद्रावरचे शंख-शिंपले, ओढ्यातले गोटे, चिंचोके, सागरगोटे, करवंट्या, बांबूच्या कांड्या, पळसाची पानं, पिसं, माती. शिंपल्यांची प्रतवारी करताना मूल आकार, रंग आणि क्रम शिकतं. बांबूच्या दहा कांड्या लहानापासून मोठीपर्यंत लावताना मापाची जाणीव येते, आणि एक कांडी जागा चुकली की ओळीची पायरी मोडते, ती मुलालाच दिसते. बाईने ‘चुकलं’ म्हणावं लागत नाही.

वर्गात हे करायचं झालं तर दोन गोष्टी सांभाळा. तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाती चिंचोक्याएवढी बी देऊ नका, ती नाकात जाते, घशात अडकते. आणि गुंजा कितीही सुंदर दिसल्या तरी मुळीच वापरू नका. गुंजेची बी विषारी असते, चावली गेली तर जिवावर बेतू शकतं.

परिसरातलं साधन स्वस्त पडतं म्हणून ते वापरलं, एवढंच बऱ्याच भाषणांत सांगतात. मला ते अपुरं वाटतं. ज्या मुलाच्या घरच्या कशालाही बाहेरच्या जगात किंमत नव्हती, त्याच्या हातातल्या शिंपल्याने वर्ग सुरू होतो. त्याला ठाऊक असलेल्या पानांची नावं बाई त्याच्याकडून शिकून घेते. भाषेचंही तेच. वारली बोलणारं मूल पहिल्या दिवशी पुस्तकी मराठी ऐकून गप्प बसतं, आणि आपण त्याला ‘बुजरं’ म्हणतो. त्याच्या बोलीत गाणं सुरू केलं की ते तोंड उघडतं. मराठी मग येते, त्या बोलीच्या कडेकडेने येते. आपल्या बीटमध्ये पावरी, भिली, कोरकू, गोंडी, बंजारा बोलणारी मुलं असतील तर हा मुद्दा तुमच्याइतका कुणालाच समजणार नाही.

आंघोळीबद्दल एक वाक्य हवंच. न धुतलेलं मूल आलं की त्याला घरी परत पाठवायची पद्धत पुष्कळ शाळांत होती. इथे आंघोळ हाच वर्गाचा पहिला तास झाला. पाणी ओतणं, हात-पाय-तोंड यांची नावं, आधी डावा मग उजवा, तांब्या पुढच्याला देणं, आपली पाळी येईपर्यंत थांबणं. बालशिक्षणाच्या पुस्तकात जी कौशल्यं आपण वेगवेगळ्या रकान्यांत लिहितो ती सगळी त्या तांब्याभर पाण्यात आहेत. आपल्या अंगणवाडीच्या अभ्यासक्रमात स्वच्छतेच्या सवयी येतात तेव्हा त्या उपदेश म्हणून न घेता असा खेळ म्हणून घ्या.

पुढचं ‘का आलं नाही’ असं होतं की थोरली मुलगी यायची नाही, कारण तिच्या कडेवर धाकटं होतं. आई-बाप मजुरीला गेले की सहा-सात वर्षांची पोर घर सांभाळणार, हे ठरलेलं. तिला शाळेत बोलावून उपयोग नव्हता, तिच्या कडेवरचं मूल कुणीतरी घ्यायला हवं होतं. म्हणून पाळणाघर. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात, एकमेकांना लागून, अशी मांडणी ताराबाईंनी केली, तिला विकासवाडी म्हणतात. बाळ पाळणाघरात, मधलं बालवाडीत, थोरली शाळेत. दुपारी थोरली धाकट्याला बघून येऊ शकते. १९५७ च्या सुमारास काम बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर गेलं, पाड्यांच्या मधोमध, आणि विकासवाडी तिथे फुलली.

तरी काही मुलं राहिलीच. ती गुरं घेऊन रानात जायची. त्यांचं मालकाशी ठरलेलं असायचं, दिवसभर गुरं राखायची तेव्हा घरात धान्य यायचं. या मुलांना सकाळी अकराच्या घंटेला शाळेत आणणं म्हणजे त्यांच्या घरची चूल बंद करणं. म्हणून शाळा कुरणात गेली. शिक्षक पिशवीत साहित्य घेऊन गुरांमागे जायचे, गुरं चरत असतील तिथे सावलीत मुलं जमायची. कुरणशाळा म्हणतात ती हीच. ही मुलं बालवाडीच्या वयाची नव्हती, थोडी मोठी होती, ते तसंच सांगा. पण विचार तोच. दिवसभर काम करणाऱ्यांसाठी मग रात्रीचे वर्ग आले. पुढच्या काळात अनुताईंनी मूकबधिर मुलांसाठी शाळा उभी करण्यात पुढाकार घेतला. तेही याच प्रश्नाच्या ओळीत बसतं, कारण मूल वर्गात बसूनही ‘आलेलं नाही’ असं असू शकतं.

तुमच्या बैठकीत आजचं उदाहरण द्या. दिवाळीनंतर पालघर, नाशिक, नंदुरबारच्या पाड्यांवरून कुटुंबं वीटभट्टीवर जातात, मराठवाड्यातून ऊसतोडीला जातात. हजेरीपटावर त्या मुलांपुढे रेघ येते आणि पावसाळ्यात ती परततात तेव्हा वजन उतरलेलं असतं, गाणी विसरलेली असतात. ज्या गावी गेलं तिथल्या सेविकेला फोन करून ‘आमचं अमुक मूल तुमच्या हद्दीत आलंय, आहार आणि लस चुकू देऊ नका’ असं सांगणाऱ्या सेविका मी पाहिल्या आहेत. अनुताईंची आठवण म्हणजे काय असं मला कुणी विचारलं तर मी त्या फोनकडे बोट दाखवीन.

एका शब्दाबद्दल माझा आग्रह आहे. भाषणांत अनुताईंना ‘आदिवासींची माय’ म्हणतात. प्रेमाने म्हणतात, हे मला मान्य आहे. पण तेवढ्यावर थांबू नका. आई म्हटलं की लोकांना वाटतं हे काम निसर्गतःच बाईला येतं, त्याला शिकावं लागत नाही, आणि म्हणून त्याला पगारही लागत नाही. अनुताई प्रशिक्षित शिक्षिका होत्या. निरीक्षण करत, नोंदी ठेवत, साधनं बदलून बघत. त्यांनी शेकडो बालसेविकांना घडवलं, ‘शिक्षणपत्रिका’ या मासिकासाठी लिहिलं, आहारावर, बालवाडीच्या कामावर सोप्या भाषेत लिहिलं. ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे त्यांचं आत्मचरित्र आहे. बैठकीआधी जिल्हा ग्रंथालयातून मिळवून त्यातली चार पानं वाचलीत तर माझ्या या उत्तरापेक्षा जास्त मिळेल. माया त्यांच्याकडे भरपूर होती. जोडीला कसब होतं, आणि ते शिकून, घासून मिळवलेलं होतं.

ताराबाई आणि अनुताई यांची तुलना कुणी काढली तर तिच्यात पडू नका. ‘कल्पना ताराबाईंची, राबणं अनुताईंचं’ असं सोपं करून सांगतात, ते बरोबर नाही. ताराबाई पासष्टीच्या घरात टेकडीवर राहायला गेल्या. ३१ ऑगस्ट १९७३ ला त्या गेल्या तोपर्यंत दोघी मिळून अठ्ठावीस वर्षं एका कामात होत्या. त्यानंतर अनुताईंनी ते आणखी एकोणीस वर्षं पुढे नेलं, पुष्कळ वाढवलं. १९८२ मध्ये रमेश पानसे यांच्यासह त्यांनी ग्राममंगल ही संस्था उभी केली. तिने पुढे त्याच डहाणू तालुक्यात मुलांच्या शिकण्यावर मोठं काम केलं. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं. अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जमनालाल बजाज पुरस्कारही. २७ सप्टेंबर १९९२ ला अनुताईंचं निधन झालं. पुरस्कार एका वाक्यात सांगा आणि पुढे चला.

बोलणं पंधरा मिनिटांच्या वर नेऊ नका. टेबलावर फोटोशेजारी एका सुपात शंख-शिंपले, गोटे, बांबूच्या कांड्या, करवंट्या मांडा आणि बोलता बोलता ते सूप फिरवा. प्रतवारी करायला लावा. सेविकेच्या हातात वस्तू आली की ती आपोआप आपल्या वर्गाबद्दल बोलू लागते. शेवटी प्रत्येकीला एका मुलाचं नाव विचारा, जे तिच्या अंगणवाडीत येत नाही. वाड्यावरचं असेल, अपंग असेल, दुसऱ्या जातीच्या वस्तीतलं असेल, आई पाठवत नसेल. कारण काय आहे ते तिने सांगावं, आणि बाकीच्यांनी उपाय सुचवावा. पर्यवेक्षिकांना आधी सांगून ठेवा की हा हिशेब मागण्याचा कार्यक्रम नाही, नाहीतर कुणी खरं बोलणार नाही.

आता तुमच्या गावच्या बाईंकडे येऊ. त्यांच्याबद्दल कुठे काही छापलेलं नसणार, म्हणून तुम्हाला गोळा करावं लागेल, आणि त्यासाठी दोन-तीन दिवस हाताशी ठेवा. पहिल्यांदा त्यांच्या मदतनीस ताईंकडे जा. सेविकेबद्दल मदतनिसाला जेवढं माहीत असतं तेवढं घरच्यांनाही नसतं. मग ज्या आयांची मुलं त्यांच्या हाताखालून गेली त्यांच्याकडे, शक्यतो वस्तीच्या टोकाला राहणाऱ्यांकडे आधी जा. गावच्या नर्सबाईंना विचारा.

‘बाई कशा होत्या?’ असं विचारू नका. उत्तर येईल ‘फार चांगल्या होत्या’, आणि तिथेच संपेल. असं विचारा : त्या आल्या तेव्हा कुठल्या वस्तीची मुलं येत नव्हती? पुढे आली का? कशी आली? पावसात छत गळायचं तेव्हा वर्ग कुठे भरायचा? आहार वाटताना सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत बसायची का, आणि कुणी हरकत घेतली तर बाई काय म्हणाल्या? कमी वजनाच्या कुठल्या मुलामागे त्या घरी जाऊन लागल्या? त्यांची आवडती बडबडगीतं कोणती, आणि ती त्यांनी कुठून आणली? रडणारं मूल पहिल्या दिवशी त्या कसं घ्यायच्या, कडेवर, मांडीवर, की बाजूला बसवून हातात काही देऊन? या एकेका उत्तरात तुम्हाला त्यांचा हात दिसेल. गाण्यांच्या बाबतीत तर घाई करा. सेविकांनी स्वतः रचलेली, आपल्या बोलीत फिरवलेली कितीतरी गाणी त्यांच्याबरोबरच जातात. मदतनीस ताईंना म्हणायला लावा आणि मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा.

जुनं दप्तर सापडलं तर बघा. गृहभेटीच्या वह्यांत, वजनाच्या तक्त्यांच्या समासात कधी कधी बाईंच्या हाताने लिहिलेल्या दोन ओळी असतात. त्या वाचून दाखवण्याआधी मुलांची नावं गाळा, कारण ती मुलं आता मोठी होऊन त्याच गावात राहतात, आणि लहानपणी आपण कुपोषित होतो हे भर बैठकीत ऐकायला कुणाला आवडणार नाही. बोलताना कष्ट सांगा, पण कष्टांचा गौरव करून थांबू नका. इतकी वर्षं त्यांनी मानधनावर काम केलं, हेही सांगा. त्यांना वेतन कधीच नव्हतं. त्यांच्या हाताखालून गेलेली मुलं शिक्षक, पोलीस, ग्रामसेवक झाली असतील आणि त्यांना पेन्शनीची नोकरी असेल, बाईंना ती नव्हती. यात कुणाला दोष द्यायचा नाही. पण वस्तुस्थिती बैठकीत उच्चारली गेली पाहिजे.

आणि याच्याशी जोडलेली एक व्यवहाराची गोष्ट. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना १९७२ चा ग्रॅच्युइटी कायदा लागू होतो. तुमच्या बाई कधी निवृत्त झाल्या, त्यांना निवृत्तीच्या वेळी काय मिळालं, काय राहिलं, हे घरच्यांना माहीत आहे का ते विचारा. पुष्कळ घरांत कागदपत्रं कुठे आहेत हेच कुणाला ठाऊक नसतं. नेमणुकीचा आदेश, मानधन जमा व्हायचं ते पासबुक, निवृत्तीचं पत्र एवढं शोधून एका फाइलला लावायला मुलीला किंवा सुनेला मदत करा, आणि प्रकल्प कार्यालयात किंवा संघटनेच्या ताईंकडे त्यांच्यासोबत एकदा जाऊन या. हे काम शक्य असेल तर २७ तारखेच्या आधी सुरू करा, म्हणजे बैठकीत इतर निवृत्त सेविकांनाही त्याबद्दल सांगता येईल.